विजयदुर्गावर हेलियमचा ‘शोध लागला’ का?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. देवगड तालुक्यातल्या त्यांच्या शाळेत दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८६८ साली लॉकियर साहेबांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथे हेलियमचा शोध लागला, असं त्या दिवशी मुलांना सांगितलं जातं. यंदा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, नुसती पिवळी रेषा दिसली म्हणजे शोध लागला का?” बाईंना उत्तर देता आलं नाही. हे खरं आहे का, आणि शोध लागणं म्हणजे नेमकं काय, असं त्या विचारतात.

बाई, आधी किल्ल्याबद्दलचं सांगतो, मग शोधाकडे वळू.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर नव्हते. ते भारतातच नव्हते, इंग्लंडमध्ये होते. तेव्हा ते ‘सर’ही झालेले नव्हते. युद्धखात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात दुर्बिणीला डोळा लावणारे बत्तीस वर्षांचे हौशी निरीक्षक, एवढीच त्यांची ओळख होती. ग्रहणासाठी ते पहिल्यांदा भारतात आले १८७१ च्या डिसेंबरात, आणि तेव्हा उतरले केरळातल्या बेकल किल्ल्यावर. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमीनी’ या आरमारी जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते, आणि वर्णपटाचे (उजेड त्याच्या निरनिराळ्या रंगांत पसरवल्यावर दिसणाऱ्या पट्ट्याचे) फोटो घेण्यासाठी खास बनवलेले कॅमेरे किल्ल्यावर मांडले होते. गावकरी ज्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, ते जोडायचेच तर या मुक्कामाशी जोडायला हवेत. साहेब आले होते हे खरं, ओटे खरे, ग्रहणही खरं. फक्त दोन ग्रहणं एकमेकांत मिसळून गेली आहेत, आणि मधली तीस वर्षं गळून पडली आहेत.

१८६८ च्या ग्रहणाचा पट्टाही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरूनच देशात शिरला होता, त्यामुळे घोटाळा होणं समजण्यासारखं आहे. पण तुम्ही कोकणातल्या आहात. ऑगस्टच्या मध्यावर सकाळी देवगडचं आभाळ कसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पाच-साडेपाच मिनिटांच्या काळोखासाठी हजारो मैलांवरून यंत्रं घेऊन येणारा माणूस भर पावसाळ्यात किनाऱ्यावर तळ ठोकणार नाही. तो घाटमाथा ओलांडून पलीकडे जाईल. झालंही तसंच. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होते (तिथेही ढगांनी त्यांना सतावलंच), फ्रान्सचे पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट गुंटूरला होते, मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न.

माझी पस्तीस वर्षं वर्णपटांच्या प्लेटा वाचण्यात गेली. रेषा दिसणं आणि शोध लागणं यांत किती अंतर असतं, हे मी स्वतः एकदा फार जवळून पाहिलं आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. कणकवलीकडची सिलिका वाळू आमच्याकडे तपासायला आली होती. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये नमुना ठेवायचा, विजेचा आर्क पेटवायचा, निघालेला उजेड एका बारीक फटीतून ग्रेटिंगवर (उजेड रंगांत पसरवणाऱ्या, बारीक रेघा आखलेल्या पाटीवर) सोडायचा आणि फोटोच्या प्लेटवर रेषा उमटवायच्या, अशी ती पद्धत. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी पडतात. प्लेटवर ५७६.३ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर हे उजेडाच्या तरंगलांबीचं, म्हणजे रंगाच्या जागेचं माप) जागी मला एक ठळक, एकटी रेषा दिसली. तक्त्यात त्या जागेजवळ लोखंडाची एक रेषा आहे. पण लोखंड असेल तर त्याच्या याहून कितीतरी ठळक रेषा आधी दिसायला हव्यात, आणि त्यांतली एकही नव्हती. मी पुन्हा प्लेट घेतली. रेषा होती. नमुना बदलला, तरी होती. कांड्या बदलल्या, तरी होती. नऊ दिवस मला धड झोप नव्हती. कोकणच्या वाळूत काहीतरी वेगळं आहे, आणि ते पहिल्यांदा आपण पाहतो आहोत, असं मी घरीसुद्धा बोलून गेलो होतो.

दहाव्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना प्लेट दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, काही बोलले नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाची एक साधी काचेची स्लाइड माझ्या हातात देऊन म्हणाले, “ही फटीपुढे ठेव आणि पुन्हा घे.” घेतली. रेषा गेली.

ग्रेटिंगची एक खोड असते. निम्म्या तरंगलांबीचा उजेड दुसऱ्या फेरीत दुपटीच्या जागी येऊन पडतो. सिलिकॉनची एक फार ठळक रेषा २८८.१६ नॅनोमीटरला, अतिनील भागात आहे. तिची दुप्पट ५७६.३२. साधी काच तो अतिनील उजेड अडवते, पण पिवळा उजेड सहज जाऊ देते. रेषा खरोखर पिवळी असती तर स्लाइड ठेवूनही राहिली असती. मी नऊ दिवस वाळूतली वाळूच पाहत होतो.

मी रेषा पाहिली होती, यात काही खोटं नव्हतं. मोजमाप बरोबर होतं. तीन वेळा पडताळलीही होती. तरी शोध लागला नव्हता, कारण ‘हे दुसरं काही नाही’ हे मी सिद्ध केलं नव्हतं. मी फक्त स्वतःला पटेल अशा शंका फेडल्या होत्या.

आपल्या भाषेत ‘शोध’ हा शब्द मोठा सोयीचा आहे, आणि फसवाही. शोध घेणं, शोध लागणं आणि शोध लावणं, तिन्हींना एकच नाम. घेतो तो माणूस. लागणं मात्र माणसाच्या हातात नसतं. तहान लागते, चाहूल लागते, विहिरीला पाणी लागतं. पाणी लागलं म्हणताना कोणी किती हात खणलं हे वाक्यात येतच नाही. आणि शोध लावणं म्हणताना आपण जुनंच असलेलं उघडकीस आणणं आणि नसलेलं घडवणं असा फरकही करत नाही. आगगाडीचाही शोध लावला आणि अमेरिकेचाही. शब्दाच्या मुळाशी मात्र संस्कृतातला ‘शुध्’ हा धातू आहे, म्हणजे शुद्ध होणं, मळ जाणं. संशोधन म्हणजे नीट साफ करणं. मला हा अर्थ सगळ्यांत खरा वाटतो. शोधात बहुतेक वेळ जातो तो नवं काही दिसण्यात नाही, जे दिसलं त्यावरचा जुन्या ओळखीचा मळ काढण्यात. हेलियमच्या बाबतीत हा मळ निघायला सत्तावीस वर्षं लागली.

१८६८ मध्ये काय घडलं ते पाहा. चंद्राने सूर्य झाकला, आणि कडेवरून उसळलेल्या तांबूस ज्वाळांकडे निरीक्षकांनी पहिल्यांदाच स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे वर्णपट दाखवणारी यंत्रं, वळवले. ज्वाळांच्या वर्णपटात सलग रंगपट्टा नव्हता, सुट्या तेजस्वी रेषा होत्या. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या, आणि हायड्रोजनच्या रेषा तर लगेच ओळखू आल्या. हा त्या दिवसाचा मोठा निष्कर्ष. त्याच रेषांत एक पिवळी रेषाही होती. ती एकाने नव्हे, अनेकांनी पाहिली, आणि बहुतेकांनी ती सोडियमची डी रेषा म्हणून लिहून ठेवली. पॉगसन यांनी मात्र ती डी च्या जागीच आहे की जवळपास, याबाबत जरा हात राखून लिहिलं.

त्यांना सोडियम का वाटलं, हे मुलांना जरूर सांगा. सोडियम सगळीकडे असतो. मिठात, घामात, हवेतल्या धुळीत. किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी थोड्याच वर्षांपूर्वी दाखवलं होतं की एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहून कमी सोडियमही ज्योतीत पिवळी रेषा उमटवतो. प्रयोगशाळेत कुठेही पिवळं दिसलं की आधी सोडियमवर संशय घ्यायचा, हा शहाणपणाचा नियम होता आणि आजही आहे. सोडियमच्या दोन रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरला आहेत. सूर्यावरची ही नवी रेषा ५८७.६ ला. काळोखाच्या पाच मिनिटांत, हलत्या ढगांखाली, थरथरत्या हातांनी दीड नॅनोमीटरचा फरक पकडायचा होता. तो सुटला यात त्या माणसांची चूक मी मानत नाही.

जान्सेन यांचं लक्ष तर भलतीकडेच गेलं होतं, आणि ते फार सुंदर आहे. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. युक्ती अशी: आभाळाचा उजेड सगळ्या रंगांचा असतो, त्यामुळे तो वर्णपटात जितका पसरवाल तितका फिका होतो. ज्वाळेचा उजेड मोजक्याच रंगांत एकवटलेला, म्हणून पसरवला तरी रेषा रेषाच राहते. इकडे इंग्लंडमध्ये लॉकियर यांनीही हेच आधी मनाशी ठरवलं होतं, फक्त पुरेसा चांगला स्पेक्ट्रोस्कोप हाती यायचा होता. तो ऑक्टोबरच्या मध्यावर आला, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनी ग्रहणाशिवाय त्या रेषा पाहिल्या. दोघांच्या बातम्या पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत आल्या. पुढे १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं. ते पदक हेलियमसाठी नव्हतं. सौर ज्वाळांचं विश्लेषण करण्याच्या या पद्धतीसाठी होतं. म्हणजे ‘जान्सेन आणि लॉकियर यांनी १८६८ मध्ये हेलियम शोधला’ हे जे पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, त्यात एका पद्धतीचा मान एका मूलद्रव्याच्या नावावर चढवलेला आहे.

पण ग्रहणाची घाई गेल्यामुळेच पुढचं शक्य झालं. आता रेषा रोज पाहता येत होती, हवा तेवढा वेळ, सोडियमच्या रेषांशेजारी ठेवून मोजता येत होती. लॉकियर यांनी मोजलं: ती डी नाही, डी च्या शेजारी हिरव्याच्या बाजूला सरकलेली आहे. तिला डी-३ असं नाव पडलं. माझ्या मते लॉकियर यांचं खरं मोठेपण या मोजण्यात आहे. ‘सोडियम असेल’ म्हणून बाकीचे पुढे गेले, ते थांबले.

मग ती कशाची? रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत प्रयत्न केले. हायड्रोजनच निराळ्या दाबाला, निराळ्या तापमानाला ही रेषा देत असेल का, हे पाहिलं. मिळाली नाही. शेवटी उरलं ते एवढंच की पृथ्वीवरच्या कुठल्याही ज्योतीत ही रेषा नाही. १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या एडिंबराच्या अधिवेशनात विल्यम थॉमसन यांनी (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) अध्यक्षीय भाषणात सांगितलं की हे दोघे त्या अज्ञात पदार्थाला हेलियम म्हणू पाहतात. हेलिओस म्हणजे ग्रीक सूर्य. शेवटी ‘इयम’ लावलं, सोडियम-कॅल्शियमसारखं, कारण तो धातू असेल असं वाटलं. तो निघाला वायू. आर्गॉन, निऑन यांच्या घरातला, पण नाव मात्र धातूचं. चुकीचा अंदाज नावात कायमचा राहून गेला आहे, तोही मुलांना दाखवा.

इथे शोध लागला असं म्हणावं का? पुष्कळ जण म्हणतात. मी म्हणत नाही, आणि याचं कारण कोरोनियम.

७ ऑगस्ट १८६९ रोजी, म्हणजे पुढच्याच वर्षी, अमेरिकेत खग्रास ग्रहण झालं. यंग आणि हार्कनेस या निरीक्षकांना सूर्याच्या प्रभामंडलात (सूर्याभोवतीच्या विरळ, तेजस्वी वेष्टनात) एक हिरवी रेषा दिसली, ५३०.३ नॅनोमीटरची. पृथ्वीवरच्या कुठल्याही पदार्थाशी ती जुळेना. तर्क अगदी तोच, उपकरणही तेच, आणि निष्कर्षही तोच काढला गेला: नवं मूलद्रव्य. पुढे त्याला कोरोनियम हे नाव पडलं. कित्येक दशकं ते नाव पुस्तकांत होतं. मग १९४० च्या आसपास ग्रोट्रियान आणि एडलेन यांच्या कामातून उलगडलं की ती रेषा साध्या लोखंडाची आहे. फक्त प्रभामंडल दहा लाख अंशांच्या घरात तापलेलं असल्यामुळे त्या लोखंडाच्या अणूचे तेरा इलेक्ट्रॉन निघून गेलेले आहेत. त्या गोंधळातून सूर्याच्या प्रभामंडलाचं तापमान कळलं, तो भाग निराळा.

हेलियम आणि कोरोनियम १८७१ मध्ये अगदी एकाच पायरीवर उभे होते. दोघांच्या बाजूला एकेक रेषा, आणि ‘कशाशी जुळत नाही’ हा एकच पुरावा. एक खरा निघाला, दुसरा खोटा. त्या पायरीवर उभं राहून दोघांत फरक सांगणं कुणालाही शक्य नव्हतं. जो दावा त्या वेळी खरा की खोटा हे सांगताच येत नव्हतं, त्याला मी शोध म्हणणार नाही. फार चांगला, धाडसी, नीट मोजलेला संशय म्हणेन. थॉमसन यांनी दोघांची नावं घेतली असली, तरी फ्रँकलंड आणि त्यांच्यासारखे रसायनज्ञ नवं मूलद्रव्य मानायला कचरले म्हणून त्यांना कोणी भित्रं म्हणू नये.

आणि हे पडताळण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे, लॉकियर यांच्याच एका दाव्यावर. तेजोमेघांच्या (ताऱ्यांमधल्या चमकत्या वायूच्या ढगांच्या) वर्णपटात ५००.७ नॅनोमीटरची एक हिरवी रेषा असते. तीही कशाशी जुळेना, म्हणून तिच्यासाठी नेब्युलियम नावाचं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. लॉकियर यांचं मत वेगळं होतं. ते म्हणत, ही रेषा नव्हेच, मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे. पट्टा असेल तर एक बाजू धारदार आणि दुसरी पुसट हवी. पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात (आजचं सीओईपी) भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती, आणि कावसजी दादाभाई नायगमवाला ती चालवत. त्यांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर दुर्बीण लावली, ती रेषा पुन्हा पुन्हा तपासली, आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध केलं की ती दोन्ही बाजूंनी धारदार आणि अरुंद आहे. म्हणजे पट्टा नाही. लॉकियर यांचा दावा पुण्याहून खोडला गेला. नेब्युलियमसुद्धा टिकला नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, आणि आपल्या प्रयोगशाळांत साधत नाही इतक्या विरळ वायूतच ती उमटते. डी-३ च्या बाबतीत लॉकियर बरोबर, तेजोमेघाच्या बाबतीत चूक. माणूस एकच, कसब तेच. म्हणून शोध माणसाच्या नावलौकिकावर उभा करता येत नाही.

हेलियमची गाडी पुढे सरकली ती आभाळातून नाही, दगडातून. अमेरिकेच्या भूशास्त्र खात्यातले विल्यम हिलेब्रँड १८९० च्या सुमारास युरेनियमची खनिजं आम्लात विरघळवून तपासत होते. त्यांतून एक निष्क्रिय वायू निघे. त्यांनी तो नायट्रोजन ठरवला. वर्णपटात नायट्रोजनशी न जुळणाऱ्या काही रेषाही त्यांना दिसल्या होत्या, पण तो धागा त्यांनी धरला नाही. हेलियम त्यांच्या नळीत होता. हातात होता. तरी शोध लागला नाही. माझ्या सिलिका वाळूची ही उलटी बाजू आहे. मी जुन्याला नवं समजलो, त्यांनी नव्याला जुनं मानलं.

१८९५ च्या सुरुवातीला ही गोष्ट लंडनमध्ये विल्यम रॅमसे यांच्या कानावर आली. रॅले आणि रॅमसे यांनी आदल्याच वर्षी हवेतून आर्गॉन वेगळा काढला होता. हिलेब्रँड यांचा तो निष्क्रिय वायू म्हणजे आर्गॉन तर नसेल, या विचाराने रॅमसे यांनी क्लेव्हाइट हे खनिज मिळवलं आणि सौम्य गंधकाम्लात उकळलं. निघालेला वायू साफ केला, नळीत भरला, वीज सोडली. मार्च १८९५. वर्णपटात पिवळी रेषा आली. पहिला विचार अर्थातच सोडियम! त्यांनी सोडियम शेजारी धरून पाहिला. रेषा जुळेना. नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे पाठवला, त्यांनी तरंगलांबी मोजली, आणि ती डी-३ ची निघाली. शोध घेतला होता आर्गॉनचा, लागला हेलियमचा. स्वीडनमध्ये उप्सालाला क्लेव्ह आणि लांगले यांनाही स्वतंत्रपणे तोच वायू मिळाला, आणि त्यांनी तो तोलून अणुभारही काढला. म्हणजे दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या हातांनाही तो सापडत होता.

मला या सगळ्या कथेत सर्वांत आवडणारा भाग याच्यानंतरचा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. हॅनोव्हरच्या कार्ल रुंगे यांनी क्लेव्हाइटच्या वायूची ती पिवळी रेषा बारकाईने पाहिली. ती एक नव्हती. ठळक रेषेला चिकटून एक फिकी जोडीदारीण होती. सूर्यावरच्या डी-३ ला अशी जोडीदारीण कोणी नोंदवलेली नव्हती. मग हे दोन पदार्थ एकच कशावरून? सगळं आनंदाने मान्य व्हायच्या वेळी एक माणूस उठून म्हणतो, थांबा, इथे जुळत नाही. निरीक्षकांनी पुन्हा सूर्याकडे दुर्बिणी वळवल्या, जास्त ताकदीने. सूर्यावरची रेषाही दुहेरी होती. सत्तावीस वर्षं ती तशीच तिथे होती, पण शोधायला कारणच नव्हतं म्हणून कोणी पाहिली नव्हती.

माझ्या दृष्टीने हेलियमचा शोध इथे पुरा होतो. ही रेषा सोडियमची नाही, हायड्रोजनची नाही, पट्ट्याची कडा नाही; ती देणारा पदार्थ हातात धरता येतो, तोलता येतो; आणि तो खोटा ठरवण्याची संधी मिळाली तेव्हा तो टिकला. यातलं शेवटचं नसतं तर मी समाधानी झालो नसतो. दगडात तो आला कुठून, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. युरेनियमसारख्या किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे अल्फा कण म्हणजेच हेलियम, हे रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी १९०८-०९ मध्ये दाखवलं. हिलेब्रँड यांच्या खनिजातच तो का सापडावा, याचं उत्तर तेव्हा मिळालं.

सगळेच शोध इतके रेंगाळतात असं नाही. त्याच १८९५ सालात रॉन्टगेन यांना ८ नोव्हेंबरला पडद्यावर अनपेक्षित चकाकी दिसली आणि २८ डिसेंबरला त्यांनी क्ष-किरणांवरचा निबंध दिला. सात आठवडे. पण ते सात आठवडे त्यांनी प्रयोगशाळेत कोंडून घेऊन काय केलं? ओळखीच्या कोणत्याही किरणांनी हे होत नाही ना, हेच निरनिराळ्या तऱ्हांनी तपासलं. काळ कमी-जास्त होतो, काम तेच असतं.

म्हणून त्या मुलीला सांगा की नाही, नुसती रेषा दिसली म्हणजे शोध लागला नाही. १८ ऑगस्ट १८६८ ही सुरुवात आहे, आणि ती आपल्या देशाच्या भूमीवर झाली, हे मोलाचं आहे. हेलियम दिन बंद करू नका. फलकावर मात्र गुंटूर, जमखंडी आणि मछलीपट्टणम लिहा, विजयदुर्गापुढे १८९८ लिहा, आणि १८९५ साठी जागा ठेवा. २२ जानेवारीलाही एक कार्यक्रम करा, कारण किल्ल्याचा खरा दिवस तो आहे. त्याच दिवशी नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला ग्रहणाचे वर्णपट टिपत होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही जेऊरलाच होते. विदर्भात तळणीला ब्रिटिश हौशी निरीक्षकांचा तळ होता. महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच दुपारी एवढे स्पेक्ट्रोस्कोप सूर्याकडे लागले होते, हे आपल्याला ठाऊकही नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

आणि माझं म्हणणं तरी मुलांनी नुसतं ऐकून का मानावं? त्यांना ओट्यांवर घेऊन जा. होकायंत्र आणि टेप न्या. १८६८ चं ग्रहण आपल्याकडे सकाळी झालं, तेव्हा ऑगस्टचा सूर्य पूर्वेला होता. १८९८ चं दुपारी झालं, तेव्हा जानेवारीचा सूर्य दक्षिणेला कललेला होता. प्रत्येक ओट्याची लांबी, रुंदी आणि दिशा मोजून कागदावर नकाशा काढायला सांगा, आणि ते कोणत्या सूर्याकडे तोंड करून आहेत ते मुलांनाच ठरवू द्या. एक अडचण आधीच सांगून ठेवा. सूर्याचा उजेड फिरत्या आरशावरून आडव्या नळीत घेतला असेल, तर ओट्याच्या दिशेवरून काहीच कळणार नाही. मग ओट्यांत दुसरं काय मोजता येईल, हे त्यांना तिथेच बसून विचार करू द्या. नकाशा झाला की मला पाठवा. लॉकियर यांच्या विजयदुर्ग मोहिमेचा अहवाल छापलेला आहे, आपण दोन्ही शेजारी ठेवून पाहू.